उत्तम क्षमा, आणि त्यानंतर

अनंत चतुर्दशी झाली, दशलक्षण पर्व संपलं, की क्षमावाणीचा दिवस येतो. मच्छेतल्या आमच्या बस्तीत त्या दिवशी अभिषेक आटोपला की बाया एकमेकींसमोर हात जोडून उभ्या राहतात. "उत्तम क्षमा." "उत्तम क्षमा हं अक्का, वर्षभरात काही चुकलं-माकलं असेल तर..." वर्षभर जिच्याशी वाकडा शब्दही झालेला नाही, तिची क्षमा आपण मनापासून मागतो. मग घरी येऊन फोन हातात घेतो. कमळाचं चित्र, खाली जोडलेले हात, आणि एका दमात दीडशे जणांना निरोप. मामेसासऱ्यांना, दुधवाल्याला, मुलाच्या कॉलेजातल्या सरांनासुद्धा.

माझ्या फोनमध्ये एक नंबर असा आहे की तिथे मी दर वर्षी हा निरोप पाठवते आणि दर वर्षी उत्तर येत नाही. तो निपाणीकडच्या माझ्या नणंदेचा, आमच्या वन्संचा. अकरा वर्षं झाली. दोन निळ्या खुणा येतात, म्हणजे त्या वाचतात. उत्तर देत नाहीत. मी मनात म्हणायची, बघा, मी क्षमा मागते आहे, आणि या बाईला क्षमा करणं जमत नाही. दशलक्षणाचे उपवास मात्र दहाच्या दहा करतात.

या वर्षी तो निरोप मी पाठवला नाही. का पाठवला नाही, ते सांगायला मला जरा लांबून यावं लागणार आहे. मिरजेहून.

मिरजेचा मिशन दवाखाना आपल्या आज्यांच्या पिढीला काय होता, ते आजच्या मुलींना कळणार नाही. बेळगावपासून साताऱ्यापर्यंतची माणसं "मिरजेला नेलंय" म्हणायची, आणि ऐकणारा ओळखायचा की दुखणं मोठं आहे. विल्यम वानलेस नावाचे कॅनडातले डॉक्टर 1889 साली बायकोबरोबर सांगलीला आले, आणि 1894 साली मिरजेत त्यांचं रुग्णालय उभं राहिलं. पुढे तिथे आपल्याकडच्या मुलांना डॉक्टरकी शिकवायची शाळा निघाली. सांगली-मिरजेच्या मधलं वानलेसवाडी हे नाव त्यांचंच. तिथे क्षयाच्या रोग्यांसाठी आरोग्यधाम होतं. क्षयाचा रोगी घरात असला की त्याचं ताट-वाटी वेगळं ठेवायचे दिवस होते ते. कुष्ठरोग्यांसाठीही मिरजेत वेगळा मिशनचा दवाखाना होता.

माझ्या आईच्या आईचं पोटाचं ऑपरेशन तिथे झालं. आई तेव्हा आठ-नऊ वर्षांची होती. आजी ही गोष्ट आम्हाला अनेकदा सांगायची, आणि दर वेळी एका ठिकाणी थांबायची. सुरुवातीला ती ऐटीत असायची. रेल्वेचा प्रवास, दवाखान्याच्या आवारात नातेवाइकांनी तीन दगडांवर मांडलेल्या चुली, ऑपरेशनच्या आधी डोळे मिटून प्रार्थना करणारे डॉक्टर. "मी बी णमोकार म्हणत होते. त्यो त्याच्या देवाला सांगतोय, मी माझ्या. म्हटलं, कुणी तरी ऐकंल की." मग ती नर्सबाईबद्दल सांगायची. काळीसावळी, ठेंगणी, मराठी बोलणारी. आजी दिवस मावळल्यावर जेवत नाही हे त्या बाईच्या दुसऱ्याच दिवशी ध्यानात आलं. तेव्हापासून पाच वाजले की ती येऊन म्हणायची, "आजीबाई, सूर्य आहे तोवर खाऊन घ्या." आठ दिवस तिने आजीला पुसलं, कूस बदलून दिली, बेडपॅन दिलं. आजीच्या सख्ख्या सुनेनेही केलं नसतं, असं आजीच म्हणायची.

त्या बाईचे आई-वडील कोण होते, हे आजीला ठाऊक होतं. तिनेच विचारलं होतं, आणि बाईनेही न लपवता सांगितलं होतं. गावाबाहेर राहणारी माणसं. बाप्तिस्मा घेतला, मुलगी शिकली, नर्स झाली.

आजी घरी आली आणि उंबऱ्याबाहेर थांबली. आत जायच्या आधी तिने डोक्यावरून पाणी घेतलं. टाके अजून ओले होते, तरी घेतलं. आई विचारत राहिली, "आई, आंघोळ का करतेस? दवाखान्यात तर रोज पुसत होते ना?" या ठिकाणी आजी थांबायची. आणि मग म्हणायची, "आठ दिस तिच्या हातचं पाणी प्यायले. खरं घरात येताना तिला धुऊन टाकली."

ही गोष्ट ती आम्हाला का सांगत होती? मोठी झाल्यावर वाटलं, ती बहुतेक कुणाची तरी क्षमा मागत होती, आणि जिची मागायची ती समोर नव्हती, म्हणून नातवंडांपुढे मागत होती.

आता आपल्या पुराणांकडे बघा. अष्टान्हिकात सिद्धचक्राचं विधान करताना आपण मैनासुंदरीची कथा ऐकतो. कुष्ठरोगी श्रीपालाशी तिचं लग्न लावून दिलं गेलं, आणि तिने त्याची आणि त्याच्याबरोबरच्या सातशे कुष्ठरोग्यांची सेवा केली. सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांत एक अंग आहे निर्विचिकित्सा, म्हणजे किळस न करणं. त्याची कथा उद्दायन राजाची. कुष्ठाने अंग झडलेल्या मुनीने अंगावर ओकारी केली, तरी राजाने ती हाताने पुसली. पाठशाळेत मी हे पोरांना शिकवते. पण मिरजेला कुष्ठरोग्यांच्या जखमा धुवायला कोण होतं, असा प्रश्न मी पाठशाळेत कधी विचारला नाही. आपल्याकडे चार दानं सांगितली आहेत: आहार, औषध, शास्त्र, अभय. आपल्या समाजाने वसतिगृहं काढली, शाळा काढल्या, हे खरंच आहे. निपाणीजवळच्या स्तवनिधीला 1899 साली दक्षिण भारत जैन सभा स्थापन झाली, ती मुख्यतः शिक्षणासाठीच. पण किळस ओलांडून हाताने करायचं काम आपण कथेत ठेवलं आणि करायला दुसऱ्यांना दिलं, असं मला वाटतं. कुणाला राग आला तर येऊ दे.

आपल्यातला एक माणूस मात्र आंघोळ करायला तयार झाला नव्हता. कोल्हापुरात अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघालं. जैन बोर्डिंगातला एक विद्यार्थी त्या समारंभाला गेला. परत आल्यावर त्याला सांगण्यात आलं, आंघोळ केल्याशिवाय पंगतीला बसायचं नाही. तो म्हणाला, नाही करणार. त्याला बोर्डिंग सोडावं लागलं. तो मुलगा म्हणजे भाऊराव पाटील. 1919 साली त्यांनी काल्याला रयत शिक्षण संस्था काढली, आणि पुढे साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींच्या पोरांना एका पंगतीला बसवलं. आज आपण त्यांना आपले कर्मवीर म्हणतो, कॅलेंडरवर त्यांचा फोटो छापतो. त्यांना बोर्डिंगातून जायला लावणारेही आपलेच होते, ते त्या फोटोखाली छापत नाही.

मी हे महिला मंडळात बोलले तेव्हा एका ताईंनी लगेच विचारलं, "पण ते सेवा कशासाठी करतात? धर्म बदलायलाच ना?" प्रश्न खोटा नाही. गांधीजींनीही मिशनऱ्यांना हेच ऐकवलं होतं, की सेवा करायची तर सेवेसाठी करा, तिच्या पोटात दुसरा हेतू ठेवू नका. मिशन दवाखान्यात येशूची शिकवण सांगितली जायची, आणि जखमी-दुबळ्या माणसाला उपदेश करणं मला आजही बरोबर वाटत नाही. आपल्या बेळगावात तर हा विषय तापलेला आहे. डिसेंबर 2021 मध्ये इथल्याच सुवर्णसौधात धर्मांतराविरुद्धचं विधेयक विधानसभेत मंजूर झालं. त्याच दिवसांत जिल्ह्यात प्रार्थनासभांवर जमाव चालून गेल्याच्या बातम्या येत होत्या.

पण मी त्या ताईंना दोन गोष्टी म्हटल्या. माझी आजी मिरजेहून णमोकार म्हणतच परत आली, आणि तिला कुणी पाच वाजता जेवायला घालून म्हटलं नाही की आता रात्रीचं जेवायला शीक. दुसरी गोष्ट, त्या नर्सबाईच्या आई-बापांनी धर्म बदलला तो कुणाच्या आमिषाने, की आपल्या आंघोळीमुळे? आमिषाचा हिशोब आपण मांडतो, आंघोळीचा मांडत नाही. (ख्रिस्ती झाल्याने जात सुटली असंही नाही. कित्येक गावांत देवळातली जात चर्चच्या बाकांपर्यंत आणि दफनभूमीपर्यंत गेली. आणि 1950 च्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीच्या सवलती आजही मिळत नाहीत. दोन्हीकडून उपाशी.)

इथपर्यंत सेवेचं झालं. क्षमेचा प्रश्न माझ्यापुढे आला तो दोन बायकांमुळे.

मध्य प्रदेशात देवास जिल्ह्यात उदयनगर म्हणून गाव आहे. तिथे राणी मारिया नावाची केरळची एक सिस्टर आदिवासींमध्ये काम करत होती. बचत करायला शिकवणं, सरकारी योजनांचा लाभ मिळवून देणं, सावकाराच्या कर्जातून सोडवणं. दिसायला साधं काम आहे. पण कर्जातून माणूस सुटला की सावकाराचं नुकसान होतं. 25 फेब्रुवारी 1995 रोजी ती बसने इंदूरला निघाली होती. समुंदरसिंग नावाच्या तरुणाने भर बसमध्ये प्रवाशांच्या देखत तिला भोसकलं. अंगावर पन्नासहून जास्त वार होते. त्याला जन्मठेप झाली.

राणी मारियाची धाकटी बहीण सेल्मी पॉल, तीही सिस्टर. 2002 साली राखी पौर्णिमेला ती तुरुंगात गेली आणि तिने त्या माणसाच्या हातात राखी बांधली. पुढे त्यांची म्हातारी आई केरळहून आली, आणि ज्या हातांनी लेकीला मारलं त्या हातांचा तिने मुका घेतला. घरच्यांनी त्याच्या सुटकेसाठी अर्ज केला. 2006 मध्ये तो सुटला, आणि त्या घरी जाऊन आला. 2017 साली इंदूरला राणी मारियाला धन्य घोषित केलं, त्या समारंभालाही तो हजर होता.

दुसरी बाई ग्लॅडिस स्टेन्स. तिचे पती ग्रॅहम ओडिशात बारीपदाला कुष्ठरोग्यांच्या आश्रमाचं काम बघायचे. 22 जानेवारी 1999 च्या रात्री मनोहरपूर गावात ते आणि त्यांची दोन लहान मुलं, फिलिप आणि टिमथी, गाडीत झोपलेले असताना जमावाने गाडी पेटवून दिली. ग्लॅडिस आणि मुलगी एस्थर बारीपदाला घरी होत्या. काही दिवसांतच ग्लॅडिस म्हणाली, मी मारणाऱ्यांना क्षमा केली आहे, माझ्या मनात कडवटपणा नाही. आणि ती ऑस्ट्रेलियाला पळून गेली नाही. पुढची पाच वर्षं तिथेच राहिली, कुष्ठरोग्यांचं काम चालू ठेवलं. 2005 मध्ये तिला पद्मश्री मिळाली.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला रडू आलं, आणि नंतर राग आला. खरं सांगते, राग आला. क्षमा करणाऱ्या या सगळ्या बायकाच का? बहीण, आई, बायको. आपल्या घरातही "सोडून दे गं, तू समजूतदार आहेस" हे कुणाला ऐकवतात? सुनेला, बहिणीला, विधवा काकूला. ज्याने मारलं त्याला कुणी म्हणत नाही की समजूतदार हो. दुबळ्याकडून वसूल केलेली क्षमा म्हणजे दुसरा दंडच की. गालावरची बोटं पुसायच्या आत मार खाणारीला म्हणायचं, आता हस.

मग दोन्ही गोष्टी मी पुन्हा वाचल्या, आणि मला एक फरक दिसला. ग्लॅडिसला क्षमा कर म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. आणि तिने क्षमा केली म्हणून खटला थांबला नाही. सीबीआयने तपास केला, मुख्य आरोपीला आधी फाशी झाली, उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेवर आणली, आणि 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली. मनातलं वैर सोडणं तिच्या हातात होतं, ते तिने सोडलं. न्याय करणं कोर्टाच्या हातात होतं, तिथे ती आड आली नाही. आणि सेल्मीने राखी बांधली ती तुरुंगात, सात वर्षं तो शिक्षा भोगत होता तेव्हा. काही घडलंच नाही असं या दोघींपैकी कुणीच म्हटलं नाही. खून झाला, खुनी हा आहे, हे आधी ठरलेलं होतं. क्षमा त्याच्यानंतरची.

हाच प्रश्न एका अख्ख्या देशापुढे आला होता. दक्षिण आफ्रिकेत गोऱ्यांचं राज्य संपल्यावर आर्चबिशप डेस्मंड टूटू यांच्या अध्यक्षतेखाली सत्य आणि समेट आयोग बसला, 1996 पासून. छळ करणाऱ्यांनी सगळ्यांसमोर येऊन पूर्ण सत्य सांगितलं तर त्यांना माफी मिळू शकत होती. आया ऐकत बसायच्या आणि समोरचा पोलीस सांगायचा, तुमच्या मुलाला आम्ही कसा मारला. टूटू स्वतः त्या बैठकीत टेबलावर डोकं ठेवून रडले होते. जगाने या कामाचं फार कौतुक केलं. पण त्याच काळात तिथल्या एका पाद्रीने सांगितलेली गोष्ट मला आयोगापेक्षा जास्त लक्षात राहिली आहे. माझ्या भाषेत सांगते.

दोन मित्र होते. एकाने दुसऱ्याची सायकल चोरली. दुसरा रोज बघायचा, हा माझ्याच सायकलवरून शाळेला जातोय. वर्षभराने चोरणारा आला आणि हात पुढे करून म्हणाला, झालं गेलं विसरू, समेट करू या. दुसरा म्हणाला, "सायकलचं काय?" तर हा म्हणाला, "मी सायकलबद्दल बोलतच नाहीये. मी समेटाबद्दल बोलतोय."

हे मी वाचलं ते बस्तीच्या ओसरीवर बसून, पूजेच्या मध्यंतरात. आणि माझ्या डोळ्यांपुढे एकदम ते हक्कसोडपत्र आलं.

आता सांगते. खानापूर रस्त्याच्या आतल्या बाजूला आमची सव्वा एकर जमीन होती. विद्यापीठ आलं, इंजिनिअरिंग कॉलेज आलं, कारखान्यांची वसाहत वाढली, आणि त्या जमिनीत भातापेक्षा प्लॉट जास्त पिकायला लागले. सासरे वारल्यावर माझे यजमान आणि दीर, दोघांनी ती विकायची ठरवली. वन्संची सही लागत होती. त्या तेव्हा नुकत्याच विधवा झाल्या होत्या. आम्ही त्यांना माहेरपणाला बोलावलं. मी पुरणपोळी केली. दुसऱ्या दिवशी रजिस्टर ऑफिसमध्ये नेलं, सही घेतली, आणि साडी-चोळी आणि दोन बांगड्या देऊन बसमध्ये बसवून दिलं. लेकीला बापाच्या जमिनीत मुलाइतका हिस्सा आहे हा कायदा 2005 मध्येच झालेला होता, आणि तो आपल्या जैनांनाही लागू आहे. यजमानांना हे माहीत होतं. मलाही. वन्संना माहीत नव्हतं, किंवा होतं आणि भावाशी वाकडं नको म्हणून त्या गप्प राहिल्या.

सहा महिन्यांनी त्यांनी एकदाच फोन केला. त्यांचा थोरला तेव्हा बारावीला होता. "माझ्या वाट्याचं काही देणार का रे?" म्हणून भावाला विचारलं. घरात गहजब झाला. बहीण भावांवर उठली, लोभी आहे, कुणी तरी शिकवलंय. ती लोभी आहे असं बोलणाऱ्यांत मीही होते. आमच्या घराचा वरचा मजला त्याच पैशांतून झाला. त्या वरच्या खोलीत बसून अकरा वर्षं मी त्यांना कमळाचं चित्र पाठवत होते.

म्हणजे सायकल आमच्याकडे होती. आम्ही ती चालवत होतो, आणि वरून त्यांनाच म्हणत होतो, तुम्हाला क्षमा करणं जमत नाही.

आपल्या धर्मात हे सांगितलेलंच नाही असं नाही. प्रतिक्रमणाच्या आधी आलोचना आहे, गुरूपुढे बसून काय केलं ते एकेक सांगायचं. त्याच्यापुढे प्रायश्चित्त आहे. आपण मधलं आणि शेवटचं गाळलं, आणि हात जोडणं तेवढं ठेवलं, कारण ते स्वस्तात होतं. "जाणते-अजाणतेपणी काही चूक झाली असेल तर" यातला तो "असेल तर" बघा. जाणूनबुजून केलेल्या गोष्टीला आपण "असेल तर" लावतो. टूटूंच्या आयोगापुढे तो "असेल तर" चालत नव्हता. तारीख, जागा, नाव सांगावं लागे. अर्थात तिथेही सायकल पूर्ण परत मिळाली नाही. पीडितांना भरपाई मिळाली ती उशिरा आणि तोकडी, असं तिथले लोक आजही म्हणतात. जमिनी बऱ्याचशा होत्या त्यांच्याकडेच राहिल्या. सत्य सांगणं सोपं नव्हतं, पण जमीन सोडण्यापेक्षा सोपं होतं.

त्या रात्री बस्तीच्या पत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी हिशोब मांडला. विक्रीची रक्कम, तीन वाटे, वर अकरा वर्षांचं बँकेचं व्याज. आकडा बघून माझा हात थांबला, हे लपवत नाही. धाकट्याच्या शिक्षणाची ठेव डोळ्यांपुढे आली. यजमान टीव्ही बघत होते. मी कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी आवाज कमी केला, कागद वाचला, आणि विचारलं, "कुणी सांगितलं तुला हे?" मी म्हटलं, "कुणी नाही." ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "दादाला विचारायला लागेल." दादा काय म्हणतील ते आम्हा दोघांनाही ठाऊक आहे. अजून विचारलेलं नाही.

मी मात्र त्या शनिवारी बेळगाव स्टँडवरून निपाणीची बस धरली. पैसे नव्हते माझ्याकडे. माझ्या नावावर जे थोडं आहे त्यातून एक वाटा निघेल, पूर्ण नाही. पर्समध्ये फक्त तो हिशोबाचा कागद आणि हक्कसोडपत्राची झेरॉक्स होती. संकेश्वर गेलं, तवंदीचा घाट आला, स्तवनिधीच्या दिशेला हात जोडले. काय बोलायचं ते वाटेत चार वेळा ठरवलं आणि चारही वेळा त्यात "असेल तर" आलं.

वन्सं अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. मला बघून उठल्या नाहीत. "बस," म्हणाल्या. मी बसले, आणि मला क्षमा हा शब्द उच्चारायलाच आला नाही. मी म्हटलं, "वन्सं, त्या दिवशी तुम्हाला रजिस्टर ऑफिसला नेलं, तेव्हा तुमचा हिस्सा आहे हे मला माहीत होतं." आणि कागद पुढे केला.

त्यांनी पदराला हात पुसले, आत जाऊन चष्मा आणला, कागद दोनदा वाचला. बोट आकड्याखाली ठेवून विचारलं, "ह्यो हिशोब कुणी काढला?"

"मी."

"त्याला ठावं हाय?"

"हाय. हो म्हटलेलं नाही अजून."

त्यांनी कागदाची घडी घातली, आणि माझ्या हातात परत न देता आतल्या पत्र्याच्या डब्यात ठेवून आल्या. मग शेंगांची बुट्टी माझ्याकडे सरकवली. दिवस मावळेपर्यंत आम्ही दोघी शेंगा फोडत बसलो होतो. त्या माझ्याशी फारसं बोलल्या नाहीत.

शेवटची बस साडेसातची होती.